कीर्तनातल्या बहिणाबाई आणि अभंगातल्या बहिणाबाई



हा लेख टीकेचा आहे आणि ती टीका आपल्याच व्यासपीठावर आहे. स्त्रीमुक्तीची चळवळ करणाऱ्या मंडळींवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. सप्ताहात महाराजांनी 'आजकालच्या बायका' हा विषय काढला की मंडपात हशा ठरलेला. त्या चळवळीविषयी माझे म्हणणे पुढे येईलच. त्याआधी आपण आपल्या स्त्री-संतांचे काय करून ठेवले आहे ते पाहू. पन्नास वर्षांहून अधिक काळ कीर्तनसेवा झाली. आता गुडघे उभे राहू देत नाहीत, म्हणून श्रोत्यांत बसून तरुण महाराजांची निरूपणे ऐकतो. पाठांतर चोख, गळा गोड, प्रमाणे मुबलक. फक्त स्त्रीचरित्र आले की सगळ्यांचा साचा एकच असतो. त्या साच्याविषयी हे लिहितो आहे.

आधी जिजाईंचे घ्या. तुकोबांच्या चरित्रात जिजाई आल्या की मृदंग थांबतो, महाराज आवाज बारीक करतात, कमरेवर हात ठेवतात आणि मंडप हसू लागतो. कजाग, तोंडाळ, देवाला शिव्या देणारी बायको! डोंगरावर भाकरी घेऊन जाताना तिच्या पायात काटा मोडतो आणि पांडुरंग स्वतः तो काढतो, ही कथासुद्धा बहुतेक वेळा हसवण्यासाठीच येते. माऊली, शके १५५१-५२ च्या दुष्काळात तुकोबांची थोरली पत्नी रखमाई भुकेने गेली. त्याच घरात जिजाईंना रोज चूल पेटवायची होती. तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत सोडली ते वैराग्य आपण मस्तकी धरतो, धरलेच पाहिजे. पण त्या संध्याकाळी त्या घरात पीठ कुठून आले, हा विचार मी एकाही निरूपणात ऐकला नाही. तुकोबांनी स्वतः बायकोची गाऱ्हाणी अभंगांत नोंदवून ठेवली आहेत. तिचे बोलणे त्यांनी दाबले नाही. दाबले आपण, आणि वर तिची नक्कल केली.

तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. त्यानंतर जन्मले ते नारायण महाराज, ज्यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. आपण ज्येष्ठ-आषाढात ज्या पालखीमागे चालतो ती काढणाऱ्या मुलाला बापामागे या बाईने वाढवले. मंडप पेंगायला लागला की आपण तिच्यावर हसून घेतो.

पण जिजाईंनी स्वतः काही लिहून ठेवले नाही, त्यामुळे तिथे निदान म्हणायला जागा आहे की आम्हाला काय ठाऊक. बहिणाबाईंच्या बाबतीत ती पळवाट नाही. त्यांनी आपले आयुष्य आपल्या तोंडाने सांगितले आहे.

ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंत संप्रदायाचे देऊळ कसे बांधले गेले, पाया कोणाचा, खांब कोणाचा, कळस कोणाचा, हे रूपक आपल्याला उठता-बसता लागते. सप्ताहाच्या पत्रिकेवर ते असते, मंदिराच्या कमानीवर असते. ते बहिणाबाईंचे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश्वर आणि तिथून पुढे राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी, तुकोबा अशी गुरुपरंपराही त्यांनी सांगून ठेवली. ज्या स्त्रीला वेदाचा अधिकार नाही असे शास्त्री सांगत होते तिने वज्रसूचीचा आशय मराठीत आणून ब्राह्मण कोणाला म्हणावे याची चर्चा केली. म्हणजे आपल्या संप्रदायाची ओळख एका बाईने शब्दांत मांडली आणि तिचा आधार आपण पदोपदी घेतो. मग तिच्या स्वतःच्या चरित्राचे आपण काय सांगतो?

कीर्तनातली गोष्ट अशी असते. बहिणाबाई थोर पतिव्रता. पती रागीट. तिने निमूटपणे सोसले, पतीला देव मानले, तिच्या सेवेने पती सुधारला, दोघे देहूला गेले. मुलींनो, असे वागा. पुंडलीक वरदा हारि विठ्ठल.

आता गाथ्यातली गोष्ट. १६२८ चा जन्म, वेरूळजवळचे देवगाव, वडील गावचे कुळकर्णी. अगदी बालपणी तिशीतल्या बिजवराशी, गंगाधर पाठक यांच्याशी लग्न झाले. भाऊबंदकीने घर सुटले. आईवडील, जावई आणि ही पोर असे चौघे गाव सोडून निघाले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे फिरत कोल्हापूरला आले. तिथे जयरामस्वामींची कथा चाललेली. घरात एक कपिला गाय आली होती, तिचे वासरू या मुलीच्या मागे मागे फिरे, कथेलाही येई. एके दिवशी कथेत लोकांनी वासराला बाहेर काढले, तेव्हा जयरामस्वामींनी त्याला आत आणवले आणि मुलीच्या मस्तकावर हात ठेवला. ही वार्ता नवऱ्याच्या कानी गेली. त्याने तिला वेणी धरून मारले. हातपाय बांधून टाकले. गायीने आणि वासराने चारापाणी सोडले. पुढे वासरू गेले. त्याच्या मागोमाग तिची शुद्ध हरपली आणि त्या अवस्थेत तुकोबांचा अनुग्रह झाला.

लोक दर्शनाला येऊ लागले. आणि इथे बहिणाबाई नवऱ्याचे मन जसे होते तसे मांडतात. तो वेदपाठी ब्राह्मण. बायकोने शूद्राला गुरू मानले हा एक राग. दुसरा राग याहून साधा आणि जुना. लोक हिच्या पाया पडतील, मग मला कोण विचारणार? तो घर सोडून जायला निघाला. बायको तेव्हा गरोदर होती.

हा दुसरा राग एकाही कीर्तनात मी ऐकलेला नाही. खरे तर आजच्या श्रोत्यांना सगळ्यात ओळखीचा तोच. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा २०११ पासून बायकांच्या आहेत. किती गावांत सरपंचबाई घरी भाकऱ्या थापतात आणि त्यांचे यजमान कचेरीत खुर्चीवर बसतात, हे मी सांगायला नको. त्या यजमानांना 'सरपंचपती' असे नावही लोकांनीच दिले. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सत्काराचा नारळ त्यांच्याच हातात पडतो. बहिणाबाईंच्या नवऱ्याचे मन ओळखायला भाष्य लागत नाही.

एकदा एका गावी सप्ताहात मी हे प्रकरण घेतले होते. मारल्याचा भाग सुरू झाला तसा मागून एक चिठ्ठी आली. व्यवस्थापकांची विनंती होती की बायाबापड्या बसल्या आहेत, हे नको, पुढचे घ्या. बायाबापड्या बसल्या होत्या म्हणूनच मी ते घेतले होते. चिठ्ठी टाळकऱ्याजवळ दिली आणि जसे आहे तसे सांगितले. मंडपात बायकांच्या बाजूला इतकी शांतता मी फार कमी वेळा अनुभवली. कीर्तन झाल्यावर पाया पडायला आलेल्यांत एक मध्यम वयाची बाई होती. तिने विचारले, "महाराज, मग त्या गायीला चारा कोणी घातला?" एवढेच. मारण्याबद्दल ती बोलली नाही. गायीबद्दल बोलली. तिला काय विचारायचे होते ते मला कळले आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या तिच्या सासूलाही कळले असावे, कारण सासूने तिचा दंड धरून तिला पुढे नेले.

आता तो अभंग, ज्यावर दोन्हीकडचे लोक थांबतात. नवरा सोडून जातो म्हटल्यावर बहिणाबाई म्हणतात की देवळातली मूर्ती दगडाची आणि गुरू स्वप्नात भेटलेला, त्यांच्यासाठी समोरचा पती मी कशी गमावू? पतीची सेवा हाच माझा धर्म. आपले महाराज हा अभंग सिद्धांत म्हणून घेतात. झाले, बहिणाबाईंनीच निकाल दिला, आता काय बोलायचे राहिले? आणि नव्या अभ्यासकांतल्या काही बायाही इथेच थांबतात आणि म्हणतात, पाहा, शेवटी ही शरण गेली.

मला दोघांचेही पटत नाही. मीमांसेत वाक्याचा अर्थ लावताना उपक्रम-उपसंहार पाहायला शिकवतात. कोणते वाक्य कुठे आले, त्याच्या आधी काय, नंतर काय. हा अभंग संकटाच्या ऐन क्षणी येतो. परमुलूख, पोटात मूल, म्हातारे आईवडील बरोबर, आणि नवरा चालता होतो आहे. सोडून दिलेल्या ब्राह्मण बाईला त्या काळात ना माहेर ना सासर. तिथे ती जे बोलते ते भीतीने व्याकूळ झालेल्या जीवाचे बोलणे आहे. तो सिद्धांत कसा होईल? संकटात द्रौपदी काय बोलली, सीतामाई काय बोलल्या, हे आपण प्रसंग सोडून सांगत नाही. मग बहिणाबाईंचाच एक अभंग प्रसंगातून उचलून मुलींच्या गळ्यात का बांधावा?

आणि उपसंहार पाहा. नवरा आजारी पडतो, महिनाभर ज्वर हटत नाही. बहिणाबाई सेवा करतात. तिथे त्याच्या मनात येते की तुकोबांची निंदा केली त्याचे हे फळ. तो बरा होतो आणि सगळे देहूची वाट धरतात. म्हणजे शेवटी देहूला कोण कोणाच्या मागे गेले? गुरू तोच राहिला, नाम तेच राहिले, बदलला तो नवरा. देहूला गेल्यावरही सुख नव्हते. मंबाजीने तिथे छळले, शूद्राचे शिष्य म्हणून हिणवले. बहिणाबाई हलल्या नाहीत. यात शरण जाणे कुठे दिसते?

तिच्या आणखी काही अभंगांविषयी आपण गप्प असतो. वेदपुराणे स्त्रीचा धिक्कार करतात, स्त्रीच्या संगतीने परमार्थ बुडतो म्हणतात, आणि मी तर स्त्रीच्याच देहात आले, मग मी तरायचे कसे? असा तिचा आक्रोश आहे. माऊली, हा प्रश्न नीट ऐका. आपल्या परंपरेत वैराग्याचे अभंग बहुतांशी पुरुषांचे. स्त्रीसंगापासून दूर राहा, असे साधक स्वतःच्या मनाला बजावतो. त्यात दोष नाही. तो त्याच्या वासनेचा विचार आहे. पण तेच प्रमाण समोर पाचशे बायका बसलेल्या असताना त्यांच्याकडे हात करून म्हटले की त्याचा अर्थ पालटतो. मनाला दिलेला चाबूक त्या बायकांच्या पाठीवर बसतो. बहिणाबाईंनी नेमके हेच विचारले. उत्तर द्यायचे सोडून आपण त्या अभंगाला 'स्त्रीदेहाची नम्रता' असे नाव देऊन पुढे जातो.

आता चळवळीकडे वळतो. हा प्रश्न पुन्हा विचारणाऱ्यांना आपण परके समजतो. तर त्यातली एक आपल्याच मुलखातली, बुलढाण्याची. १८८१ मध्ये सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपले मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी केली गेली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीच्या अनीतीचा पाढा वाचला. त्याला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे लहानसे पुस्तक छापले. भाषा जहाल आहे. देवादिकांनाही त्यांनी सोडलेले नाही, ते वाचताना माझ्यासारख्याला अडखळायला होते. पण त्यांचा मूळ प्रश्न सरळ आहे. पतिव्रतेला जे नियम लावता ते पतीला का लावत नाही? विधवेला सगळे जन्माचे बंद आणि विधुराला तेराव्यानंतर नवी नवरी, हे कोणत्या न्यायाने? गावात गदारोळ झाला तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मग आले नाही, आणि हे पुस्तकही लोक विसरले ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणीपर्यंत. त्र्याण्णव वर्षे! बायकांचे बोलणे विसरण्यात सुधारलेले आणि न सुधारलेले सारखेच तरबेज.

१९७५ नंतर स्त्रियांच्या चळवळीने आपल्या स्त्री-संत पुन्हा वाचायला घेतल्या. दिल्लीच्या 'मानुषी'ने १९८९ मध्ये स्त्री-संतांवर विशेषांक काढला आणि त्यात मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांच्यावर लेख होता. त्याआधी १९८२ मध्ये अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी पत्नी आणि संत या दोन भूमिकांच्या ओढाताणीत बहिणाबाई कशा उभ्या राहिल्या यावर लिहिले. डॉ. तारा भवाळकरांनी 'स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर' हे पुस्तक संत कवयित्रींवर लिहिले. बहिणाबाईंचा गाथा तर जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ मध्येच इंग्रजीत नेला होता. यात वाईट वाटण्याजोगे एवढेच की जे प्रकरण वाचायला परदेशी माणसे मराठी शिकली ते आपल्या मंडपात चिठ्ठी पाठवून थांबवले जाते.

त्या मंडळींचे सगळेच मला मान्य आहे असे समजू नका. पुष्कळांच्या लेखनात विठोबा हा नुसता आडोसा होऊन जातो. बाईला घरातून बाहेर पडायचे होते, म्हणून तिने भक्तीचे निमित्त केले, असा काहीसा सूर लागतो. हे खरे नाही. जनाबाईंचा भर पेठेतून निःसंकोच चालत जाण्याचा अभंग या मंडळींचा आवडता. पण ती पेठेतून चालली ती कोणाच्या घराकडे हे त्यात स्पष्ट आहे. केशव वगळला तर त्या अभंगात फक्त चालणे उरते. ज्या बाईने आयुष्यभर नाम घेतले तिचे नाम बाजूला सारून तिचे बंड तेवढे उचलणे ही त्यांनी केलेली काटछाट, आणि तिचे दुःख बाजूला सारून तिचे सोसणे तेवढे उचलणे ही आपली. दोन्ही ठिकाणी तिचे बोलणे पुरते ऐकले जात नाही.

मात्र त्या अभंगाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. त्यात जनाबाईंच्या हाती टाळ आहेत आणि खांद्यावर वीणा आहे. अभंगाच्या शेवटी स्वतःविषयी एक शब्द असा वापरला आहे की तो व्यासपीठावरून उच्चारायला महाराज कचरतात, म्हणून अख्खा अभंगच सेवेला घेत नाहीत. आणि अभंग गेला की वीणाही जाते. आता आपल्या दिंड्या पाहा. बायका कुठे असतात? डोक्यावर तुळशीवृंदावन, नाहीतर पाण्याचा हंडा. वीणा बहुतेक ठिकाणी पुरुषाच्याच गळ्यात. विचारले तर सांगतात, परंपरा आहे. नामदेवरायांच्या घरची दासी खांद्यावर वीणा घेते ती परंपरा नव्हे काय?

सोयराबाईंचेही असेच. चोखोबांच्या पत्नीने विटाळाविषयी जे विचारले त्याचा मथितार्थ असा की देहाचा जन्मच ज्यातून आहे त्याला विटाळ म्हणायचे तर सोवळा देह दाखवा कोणता. चौदाव्या शतकात हा प्रश्न विचारून झाला. आणि वारीच्या तोंडावर, सप्ताहाच्या तोंडावर आपल्या लेकीसुना औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणतात, काही तर डॉक्टरला न विचारता. कोणी त्यांना तसे स्पष्ट सांगत नसेल, पण आपल्या बोलण्याचालण्यातूनच त्यांनी ते ओळखलेले असते. सोयराबाईंचा तो अभंग या दिवसांत एकदा मोठ्याने म्हटला गेला तर त्यांची ती गोळी वाचेल.

काळ बदलला नाही असे मी म्हणत नाही. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पंढरीच्या मंदिरातले बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क गेले आणि मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींकडून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागवले. मुली पखवाज शिकतात, कीर्तने करतात, त्यांची कीर्तने मोबाईलवर लाखो लोक ऐकतात. त्यांच्यातल्या काहींचे निरूपण ऐकून मी आनंदाने मान डोलावली आहे. पण सप्ताहाची पत्रिका हातात घेऊन बघा. त्या मुलीच्या नावामागे 'महिला कीर्तनकार' असे वेगळे विशेषण हमखास असते. तिची वेळ अनेकदा दुपारची. रात्रीचे सात ते नऊ आणि काल्याचे कीर्तन पुरुष महाराजांचे. श्रोतेही तिच्या निरूपणाबद्दल बोलायच्या आधी तिच्या साडीबद्दल आणि गळ्याबद्दल बोलतात. पुरुष महाराजांच्या धोतराबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, आणि काढण्यासारखे कधीकधी असते.

आणि मंडपामागे काय चालते? महाप्रसादाच्या चुली. तिथे तीस-चाळीस बाया भाकऱ्या थापत बसलेल्या. त्यांनाही कीर्तन ऐकू येते, कर्ण्यातून, धुरातून, अर्धेमुर्धे. सात दिवस ज्यांच्या हातच्या भाकरीवर सप्ताह चालतो त्या मंडपात येऊन बसल्या असे सात दिवसांत एकदाही घडत नाही. जनाबाईंबरोबर देव दळायला बसला ही कथा महाराज आत गहिवरून सांगत असतात. श्रोत्यांचे डोळे भरतात. सांगण्यात गोडवा असा की त्या मुलीपुढे एवढे दळण कोणी टाकले होते हे विचारायचे राहूनच जाते. देव जात्यापाशी बसला, कारण माणसांतले कोणी बसले नाही. मंडपातल्या पुरुषांनी दोन तास परातीपाशी बसावे आणि बायांनी आत येऊन ऐकावे, असे एखाद्या गावाने ठरवले तर भाकऱ्या जरा वाकड्या होतील, एवढाच काय तो तोटा.

वारीचे एक मात्र मी नव्या मंडळींना नेहमी ऐकवतो. ज्या बाईला वर्षभर घरातला कोणी विचारल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही ती आळंदीपासून पंढरीपर्यंत जवळजवळ तीन आठवडे चालते. अनोळखी पुरुष तिच्या पायावर डोके ठेवतो आणि तिला माऊली म्हणतो. हे मिळवून द्यायला कोणाचा मोर्चा लागला नव्हता. पण हे ऐकवताना मला हेही ठाऊक असते की सासू वारीला निघते तेव्हा सून घरी असते, गुरांचे करते, मुलांचे डबे करते. सुनेला वारी बहुधा सासू झाल्यावरच घडते. तिच्या तरुणपणाचा हिशेब आपण धरलेला नाही.

तरुण कीर्तनकारांनो, बहिणाबाईंचे चरित्र सेवेला घ्याल तेव्हा गाथा उघडून घ्या. दुसऱ्या महाराजांच्या ध्वनिफितीवरून घेऊ नका. मारल्याचे सांगा, बांधल्याचे सांगा, नवऱ्याच्या मनातला तो दुसरा राग सांगा. आणि शेवट जरूर सांगा, कारण तोही कोणी सांगत नाही. १७०० साली शिऊरला देह ठेवण्यापूर्वी बहिणाबाईंनी आपल्या मुलाला, विठोबाला, निरोप धाडून बोलावून घेतले. तो आईपाशी येऊन बसला आणि प्रश्न विचारू लागला. आईने त्याला आपले मागचे बारा जन्म एकेक करून सांगितले, हा तेरावा कसा गेला ते सांगितले, साधनेतले बारकावे सांगितले. मुलगा ऐकत होता आणि पुन्हा विचारत होता.